थरथरत्या हाताची तळी

कालपासून किल्ला दिसत नाही. थंडीत आमच्या ग्वाल्हेरचं हे असंच. सकाळी गच्चीवर गेलं की समोर नुसता कोहरा, आणि एवढा मोठा डोंगर, त्याच्यावरचा तो लांबलचक किल्ला कुणी उचलून नेल्यासारखा गायब. दहा-अकराला परत येतो, ओला होऊन.

खाली ठेलेवाला ओरडतो आहे. भरिताची वांगी आली आहेत, काळी, तेल लावल्यासारखी. बाड्याच्या बाजारात गेलं तर गजक कुटायला सुरुवात झालेली असते. दोन माणसं समोरासमोर बसून लाकडी हातोड्यांनी तीळगुळाचा गोळा बडवत असतात आणि भाजल्या तिळाचा वास सगळ्या रस्त्याला लागतो. वांगी आली, गजक आली म्हणजे चंपाषष्ठी आली. आणि चंपाषष्ठी आली की मला मागची थंडी आठवते. त्या थंडीत माझ्या घरच्यांनी मला खुर्चीवर बसवायचं ठरवलं होतं.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीपर्यंत शाळा, तीही ओढूनताणून. आमचे पूर्वज फौजेबरोबर घोड्यावर बसून दक्षिणेतून इकडे आले. घोडे गेले, मी ट्रकवर बसलो. जन्मभर आग्रा-मुंबई रोडवर गाडी चालवली. आपल्या इथल्या मराठी समाजाच्या अंकात वकील आणि प्रोफेसर लोक पावसावर, मोगऱ्यावर लिहितात. माझी सून अर्चना म्हणाली, बाबा, तुम्ही थंडीवर लिहा. मी म्हटलं लिहितो, पण माझं कुणी काही दुरुस्त करायचं नाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशी माझी जीभ आहे. ती तशीच कागदावर येणार.

तर त्या वर्षी उन्हाळ्यात, बाहेर लू चालत असताना, माझ्या हातातून चहाचा कप गेला. कप पडलेला मी डोळ्यांनी बघितला. हाताला कळलंच नाही. लकवा म्हणाले. पाय महिन्या-दीड महिन्यात परत आला, तोंड वाकडं झालेलं सरळ झालं. उजवा हात मात्र आला तो थरथरत आला. आणि तसाच राहिला.

माणसं आजाऱ्याकडे कशी बघतात ते त्या दिवसांत समजलं. आधी तोंडाकडे बघतात, मग त्यांची नजर घसरते, हातावर येते, आणि हातावरून झटक्यात उडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाते. आमच्या दर्पण कॉलनीत सगळ्यांना माझ्या घरच्या कॅलेंडरच्या तारखा पाठ झाल्या असतील. मला राग यायचा. म्हणून मी थंडीची वाट बघत होतो. थंडीत शाल घेता येते. शालीच्या आत हात काय करतो ते कुणाच्या बापाला दिसत नाही. दिवाळी झाली, सकाळी धुकं पडायला लागलं, आणि मी तपकिरी शाल काढली ती घरात, उन्हात, जेवतानासुद्धा अंगावरून काढली नाही.

व्यायाम शिकवायला एक मुलगा घरी यायचा. रबरी चेंडू देऊन म्हणायचा, दाबा बाबूजी, और ज़ोर से, शाबाश. शाबाश! मी चंबळचा घाट भरल्या गाडीनं उतरलेला माणूस, आणि चेंडू दाबला म्हणून मला शाबाश. एक दिवस तो चेंडू मी नाल्यात फेकला. डाव्या हातानं फेकला, पण लांब गेला.

तेव्हा माझी नात ईशा मध्ये पडली. कॉलेजात शिकते. मराठीत वाक्य सुरू करते आणि कुठे हिंदीत वळते ते तिचं तिला कळत नाही.

"आजोबा, सिटी सेंटरमध्ये एक जागा आहे. वहाँ बॉडी पे काम करतात. पेंटिंग, म्यूज़िक, थोडा डांस, सब मिलाके. सगळ्यांसाठी आहे."

"सगळ्यांसाठी म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांसाठी. ज्याला दिसत नाही, ज्याला झोप येत नाही, ज्याचा हात हिलता है..."

"नौटंकी आहे."

"हो, आहे नौटंकी. चला."

तिच्या आजीनंतर मला असं 'चला' म्हणणारं घरात कुणी नव्हतं. गेलो.

खाली टाइल्सचं दुकान, वर एक मोठा हॉल. दरी, म्हणजे सतरंजी, अंथरलेली. खिडकीतून थंडीतलं पिवळं ऊन, आणि रंगांचा, मातीचा, कुणीतरी आणलेल्या संत्र्यांच्या सालींचा वास. दरीवर एक आंधळा कॉलेजातला पोरगा बसला होता. एका फौजी अफसराची विधवा होती, तिला वर्षानुवर्षं झोप नव्हती. आणि मुन्नी. मुन्नी तिशी ओलांडलेली, पण तिचं मन पहिली-दुसरीतच थांबलेलं. तिची आई तिला सोडून भाजी आणायला जायची. मी ईशाला म्हटलं, हे काय, मला कुठे आणून बसवलंस? मी काय वेडा आहे? हे मी हळू म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं. मुन्नी हसली, बाकीच्यांनी मला जागा करून दिली.

हे सगळं चालवणारी निधी म्हणून एक मुलगी. केस आखूड, पायात मोजे, खुर्ची असून जमिनीवर बसणारी. सगळे तिला दीदी म्हणायचे. मी बाई म्हणायचो. तिचं म्हणणं असं की आपण शरीराला फक्त हुकूम देतो, त्याचं ऐकत नाही. डोळे मिटायचे, श्वास कुठपर्यंत जातो ते बघायचं, पाय जमिनीला कुठे टेकलाय ते बघायचं. मग जे जाणवेल ते रंगात, मातीत, आवाजात, चालण्यात काढायचं. चूक-बरोबर काही नाही.

मी बूट न काढता खुर्चीवर बसून राहिलो. शाल गच्च.

तिनं विचारलं, "दादाजी, आपका दायाँ हाथ अभी क्या कह रहा है?"

"कुछ नहीं कह रहा. मर गया है."

मुन्नी सरकत सरकत माझ्या खुर्चीपाशी आली. शालीचं टोक उचलून आत डोकावली आणि टाळी वाजवून ओरडली, "झूठे! मरा नहीं है, हिल रहा है!"

सगळे हसले. मला तिला रागवायचं होतं. पण उन्हाळ्यापासून माझ्या हाताकडे इतका वेळ, इतकं जवळून कुणी बघितलंच नव्हतं. डॉक्टरनंसुद्धा नाही. पुढच्या खेपेला ईशानं विचारलं, येताय का, तर मी बूट घालून दारात उभा होतो. कारण विचारू नकोस म्हटलं.

मी तिथे शहाणा झालो असं कुणी समजू नये. निधीबाईशी माझं रोज वाजायचं. ती म्हणाली, दादाजी, दुःख रंगात उतरवा. मी म्हटलं, माझ्याकडे दुःख नाही, राग आहे. ती म्हणाली, लाल रंगाचा डबा भरलेला आहे. मी म्हटलं, मी काय होळी खेळायला आलोय? ती म्हणाली, ठीक आहे, बसा. ती कधी आग्रह करायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. भांडायला समोरून थोडा तरी जोर लागतो.

शेवटी एक दिवस बसून बसून पाठ धरली म्हणून खाली उतरलो. डाव्या हातानं ब्रश धरला. ती एवढंच म्हणाली, "जिससे झगड़ा है, उसी को दीजिए ना." मी ब्रश उजव्या हातात कोंबला. कागदावर जी रेघ उमटली ती काय सांगावी. वाकडी, तुटकी, उसवलेली. चंबळच्या बाजूला जमीन पाण्यानं खाऊन खाऊन जे बीहड झालेत, वरून बघितले तर तसे दिसतील. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. ती भिकार होती, पण माझ्या हातातून काही बाहेर पडून कागदावर राहिलं होतं. मुन्नी म्हणाली, "साँप!" मी म्हटलं, साप तर साप. तिनं त्याला डोळा काढला.

थंडी वाढत गेली. हॉलमध्ये हीटर लावायला लागले. विधवा बाई सगळ्यांसाठी मेथीचे लाडू आणायच्या, कडू जहर, पण सगळे खायचे. घरी यायला उशीर झाला की टेंपोत बसल्यावर गुडघ्यांत वारं शिरायचं, आणि मी डोळे मिटून बघायचो की वारं नेमकं कुठे शिरतंय. ती सवय लागली. घरीसुद्धा तसा बसलो की अर्चनाला वाटायचं मी झोपलो.

गाडी चालवणाऱ्याला हे नवीन नसायला पाहिजे होतं. इंजिनात काही बिघाड झाला की आधी तळपायाला कळतं, कानाला नंतर. मी रात्रंदिवस गाडीचं ऐकलं. तिला तहान लागली, ती गरम झाली, तिचा एक नट ढिला झाला, सगळं ऐकलं. माझी पाठ ओरडत होती, डोकं ओरडत होतं, ते कधी ऐकलं नाही. आमच्यात ऐकत नाहीत. मर्द माणसानं अंगाचं ऐकायचं नसतं असं आमच्या घरात दुधाबरोबर पाजतात. मी त्याचा अभिमानही बाळगला. अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

एक दिवस डफ वाजवायचे होते. प्रत्येकाच्या हातात एक. माझा हात कातड्यावर ठेवला तर नुसता तडतडला. मी लगेच डाव्या हातानं उजवा दाबून धरला. निधीबाई म्हणाली, "रोकिए मत. बढ़ने दीजिए. देखते हैं कहाँ तक जाता है."

आजवर सगळे म्हणाले होते, थांबवा. औषध थांबवण्यासाठी, चेंडू थांबवण्यासाठी, शाल लपवण्यासाठी. मी सोडला हात. तो आधी तडतडला, मग मनगटापासून हलला, मग कोपरापासून. आंधळ्या पोरानं मान वळवली, ऐकलं, आणि माझ्या हाताच्या चालीवर स्वतःचा डफ धरला. मग बाकीचे. मुन्नी तर चालीत कुठेच नव्हती, पण जोरात होती. आणि मला हातात काही जाणवलं, उन्हाळ्यापासून पहिल्यांदा. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचं स्टिअरिंग जसं थरथरतं ना, तसं. बंद गाडीचं स्टिअरिंग थरथरत नाही.

घरी येताना मी शाल खांद्यावर टाकली. अंगाभोवती गुंडाळली नाही.

हे असं चाललेलं असतानाच माझा चुलतभाऊ विश्वास आला. माझ्याहून लहान, कचेरीतून रिटायर झालेला, जुन्या रीतीभाती जपणारा. आमचा खंडोबा माझ्या घरी असतो, थोरल्याकडे. चंपाषष्ठीला सगळे माझ्याकडे जमतात आणि तळी भरली जाते. ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा म्हणजे हळद ठेवायची. घरचे पुरुष गोल बसतात, उजवे हात ताटाला लावतात आणि देवाच्या नावानं ओरडून तळी उचलतात. पहिला हात थोरल्याचा. वडील गेल्यापासून तो माझा.

विश्वासनं चहा घेतला, कॅलेंडरकडे बघितलं, आणि माझ्या मुलाला म्हणाला, "दिलीप, यंदा तळी तू उचल. दादांसाठी खुर्ची ठेवू. दादा बसून आशीर्वाद देतील."

मी समोर बसलेला. बोलणं दिलीपशी.

"मी मेलो का रे?" मी विचारलं.

"दादा, रागावू नका. तळी हातातून पडली तर काय म्हणायचं? घरात दोन जिवांची पोर आहे." त्याची सून नेहा, तिला सातवा लागला होता. आधीचं एक राहिलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. विश्वासचे डोळे भरून आले. तो दुष्ट नव्हता. तो घाबरला होता.

दिलीप म्हणाला, "बघू काका." दिलीप लहानपणापासून 'बघू'च म्हणतो. विश्वास गेल्यावर मला म्हणाला, "बाबा, एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

एका वर्षाचा नव्हता. खुर्ची एकदा आली की जात नाही. आज तळीला खुर्ची, उद्या लग्नाच्या बोलणीत खुर्ची कोपऱ्यात, परवा पाहुणे आले की बाबांना आतल्या खोलीत. मी अशी म्हातारी माणसं बघितली आहेत. घर त्यांच्या नावावर असतं आणि त्यांचं नाव कुणाच्या तोंडात नसतं.

मी निधीबाईला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, भाऊ चुकतो आहे. ती म्हणाली, "आपको क्या करना है, दादाजी?" मी चिडून म्हटलं, "तू तो बस सवाल पूछ!" आणि घरी आलो. पण प्रश्न टेंपोत माझ्याबरोबर बसून आला. मला हात बरा झालेला दाखवायचा नव्हता. तो बरा नव्हता. मला त्याला आहे तसा घेऊन ताटापर्यंत जायचं होतं.

चंपाषष्ठीची सकाळ बर्फासारखी होती. अर्चना वांगी भाजत होती, घरभर जळक्या सालीचा आणि लसणाचा वास. बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा. देवापुढे दिवटी पेटलेली. विश्वासचं घर आलं. नेहा हळूहळू भिंतीला धरून बसली. आणि देवघरापाशी, गालिच्याच्या तुकड्यावर, हातांची ती प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. वर उशीसुद्धा.

मी खुर्ची धरली. एका हातानं उचलेना म्हणून ओढली. फरशीवर जो आवाज झाला तो सगळ्यांच्या दातांत गेला. ओढत नेऊन अंगणात ठेवली, कोहऱ्यात. परत आलो, शाल काढून खुंटीला लावली, आणि घोंगडीवर माझ्या जागी बसलो. हात उघडा. थंडीनं नेहमीपेक्षा जास्तच थरथरत होता.

सगळे कॅलेंडरकडे बघायला लागले.

"बघा ना इकडे," मी म्हटलं. "बघा एकदाचं नीट. मग तळी भरू."

ईशानं तिच्या बापाला कोपरानं ढोसलं. दिलीप येऊन माझ्या शेजारी बसला, मग नातेवाईकांतले दोघे, शेवटी विश्वास. ताट मध्ये. मी उजवा हात लावला आणि ताटातली सुपारी खडखड वाजायला लागली. त्या शांत घरात तो आवाज फार मोठा होता.

विश्वास कळवळून म्हणाला, "दादा, निदान डावा तरी लावा खालून."

"देवाला डावा लावू? उजवा घरात असताना?"

"पण दादा, हा हात..."

"काय हा हात? जागरणात वाघ्याच्या अंगात येतं तेव्हा तो नखशिखांत थरथरतो ना रे? तेव्हा तू पुढे होऊन त्याच्या पायावर डोकं ठेवतोस. पोराबाळांना त्याच्या पायावर घालतोस. त्याचं थरथरणं देव, आणि माझं थरथरणं अपशकुन? कोणी ठरवलं? तू?"

"तसं नाही दादा..."

"माझ्या अंगात देव आलेला नाही. मला लकवा झाला होता. पण हात माझा आहे, आणि थोरला मी आहे. ज्याला भीती वाटते त्यानं आपला हात काढून घ्यावा. मी एकटा उचलतो."

विश्वासनं ताटाकडे बघितलं. त्याचा हात ताटाच्या कडेवर होता. तो काढणार की ठेवणार, हे मला त्याच्या बोटांत दिसत होतं. सुपारी वाजतच होती.

तेव्हा दिलीप ओरडला. ज्यानं जन्मात आवाज चढवला नाही तो माझा मुलगा, एवढ्या जोरात, की अर्चना स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सदानंदाचा येळकोट!"

"येळकोट येळकोट जय मल्हार!" सगळे म्हणाले. म्हणावंच लागतं, ते तोंडातून आपोआप येतं. ताट उठलं. मी हात थांबवला नाही. मनगटापासून हलू दिला, कोपरापासून हलू दिला, आणि माझ्या हाताबरोबर बाकीचे चार हात हलले, ताट हललं, भंडारा उडाला. दिलीपच्या चष्म्यावर, विश्वासच्या टोपीवर, घोंगडीवर. दुसऱ्यांदा उचललं. तिसऱ्यांदा उचललं. विश्वासचा हात ताटालाच होता.

ताट खाली ठेवलं. मग खोबरं वाटायचं असतं, तेही थोरल्यानं. विश्वासनं वाटी माझ्या डाव्या बाजूला सरकवली, सवयीनं. मी ती उजवीकडे घेतली. खोबऱ्याचा तुकडा बोटांत धरला, त्यावर हळद घेतली. द्यायचाच तर पहिला प्रसाद जिच्यासाठी एवढी भीती होती तिला द्यावा, म्हणून नेहाकडे वळलो. माझी बोटं तुकडा धरायचीही आणि सोडायचीही, दोन्ही एकदम करत होती. हळद फरशीवर सांडत होती. विश्वासची बायको फडकं घेऊन उठली.

"पुसू नका," मी म्हटलं.

नेहा ओंजळ करणार होती. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, नीट, नजर न उडवता. मग भिंतीचा आधार सोडून पुढे सरकली, आणि त्या थरथरीच्या बरोबर खाली, पोटावरून, आपला पदर पसरून धरला.

"बाबाजी, आराम से," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."

मीही घाई केली नाही.